साथीला बसून पोट भरतं का? मुंबईत कार्यक्रम वाजवणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तबला आणि ढोलकी वाजवतो, गरज पडली तर साइड ऱ्हिदमलाही (बाजूच्या छोट्या तालवाद्यांना) बसतो. बावीस वर्षं हेच काम. भावगीतं, नाट्यगीतं, अभंगवाणी, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, कंपन्यांचे ॲन्युअल डे, हळदी, सगळं वाजवून झालं आहे. नवी मुलं, त्यांचे आईवडील आणि कधी कधी आयोजकसुद्धा तेच तेच विचारत राहतात, तेही बहुधा रात्री साडेबारानंतर, कारण विचारणाराही तेव्हाच घरी पोचलेला असतो. ते प्रश्न इथे क्रमानं मांडले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्यक्रम वाजवणारा वादक म्हणजे नक्की कोण? ऑर्केस्ट्रावाला का?

ऑर्केस्ट्रावाला त्यातला एक. ज्याला महिन्याचा पगार नाही आणि दर कार्यक्रमाचे वेगळे पैसे मिळतात, तो या जातीचा. आज एका गायिकेबरोबर, उद्या दुसऱ्या ग्रुपमध्ये, परवा स्टुडिओत. काम आलं की ‘सुपारी आली’ म्हणायचं आणि एका कार्यक्रमाच्या पैशाला ‘नाईट’, मग तो कार्यक्रम सकाळी अकराचा का असेना. शास्त्रीय मैफलीत याच पैशाला बिदागी किंवा मानधन म्हणतात. रक्कम मोठीच असते असं नाही, शब्द मात्र भारदस्त.

२. मी नवीन आहे. पहिलं काम कुठून मिळणार?

बदलीतून. दहातले नऊ जण असेच आत आलेत. नेहमीचा वादक आजारी पडतो, त्याला दुसरीकडे जास्त पैशाचं काम लागतं किंवा त्याच्या घरी लग्न निघतं, आणि तो म्हणतो, ‘एक पोरगा आहे, पाठवतो.’ तो पोरगा तुम्ही असायला हवं. म्हणजे तुमचं नाव आयोजकांच्या आधी तुमचंच वाद्य वाजवणाऱ्यांना माहीत हवं. पुष्कळ जण इथेच चुकतात. ढोलकीवाला गायकांना व्हिडिओ पाठवत बसतो आणि चार ढोलकीवाल्यांना कधी भेटत नाही.

तालमींना जाऊन बसा. परवानगी काढून कोपऱ्यात बसायचं आणि फोन खिशात ठेवायचा. कोणाच्या ग्रुपमध्ये कोणती गाणी ठरलेली आहेत, मुखडा कुठे दोनदा येतो, कुठे कट आहे, हे वहीत उतरवा. अमुक ग्रुपची पंचवीस गाणी मला बसलेली आहेत, एवढं सांगता आलं की बदलीच्या यादीत तुमचं नाव वर सरकतं. दोन गायक, तीन निवेदक आणि एक साउंडवाला तुम्हाला नावानं ओळखत असला तर उत्तम. साउंडवाल्यांना कमी लेखू नका, महिन्याला सगळ्यांत जास्त ग्रुप तेच बघतात.

बदलीला गेल्यावर एक पथ्य पाळा. तिथे स्वतःचा नंबर वाटत फिरू नका. का ते प्रश्न १८ मध्ये.

३. नोटेशन वाचता आलंच पाहिजे का?

तुम्ही कुठे वाजवणार यावर आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी, स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिस्त रुजवली. स्टुडिओत व्हायोलिन किंवा बासरीला बसायचं असेल तर ते आजही यायला हवं. मराठी वाद्यवृंदात मात्र बहुतेक काम सा-रे-ग-म लिहिलेल्या कागदावर आणि कानावर चालतं. ताल वाजवणाऱ्यांनी निदान आवर्तनं (तालाचे फेरे) मोजून लिहायची सवय लावावी: सुरुवातीचा पीस (नुसत्या वाद्यांचा तुकडा) ८, मुखडा ४ अधिक ४, मधला पीस १२, शेवटच्या चारात ठेका बंद. माझ्या वह्यांत एवढंच असतं आणि त्यावर माझं निम्मं आयुष्य निघालं.

४. एका कार्यक्रमाचे किती मागावेत?

आकडा सांगत नाही, कारण वाद्य, अनुभव, गायकाचं नाव आणि गाव यानुसार तो बदलतो. हिशोब कसा करायचा तो सांगतो.

समजा नाईट तीन हजार ठरली. पंचवीस गाणी आहेत. घरी ऐकून नोट्स काढायला सहा तास. दोन तालमी, जाऊन-येऊन प्रत्येकी चार तास, म्हणजे आठ. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला घर सोडलं आणि रात्री एकला परत आलात, म्हणजे दहा. झाले चोवीस तास. रिक्षा-टॅक्सी आणि चहापाण्याचे सहाशे गेले. उरलेल्या चोवीसशेला चोवीसनं भागा. तासाला शंभर रुपये, आणि त्यातून तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलायची आहे.

हा भागाकार एकदा केला की दोन गोष्टी समजतात. पहिली, तालमीचे पैसे वेगळे मागायला लाजायचं नाही. निदान ‘एक तालीम नाईटमध्ये, पुढच्या प्रत्येकीचे वेगळे’ असं ठरवून घ्या. दुसरी, त्याच गाण्यांचा दुसरा कार्यक्रम पहिल्यापेक्षा जास्त परवडतो. म्हणून कमी पैशांत पण वर्षाला पंधरा कार्यक्रम करणारा ग्रुप मला एका मोठ्या पाकिटापेक्षा बरा वाटतो. माझ्या काही मित्रांना हे पटत नाही.

समोरचा ‘तुमचं किती?’ म्हणाला की लगेच आकडा सांगू नका. हॉल कुठला, तिकीट आहे का, किती वादक आहेत, बाहेरगावी राहायचं आहे का, हे आधी विचारा. सात वादकांच्या कार्यक्रमात तुम्ही एकटे ताल सांभाळणार असाल तर ते दोन माणसांचं काम आहे.

५. फोनवर सगळं ठरलंय. लिहून घ्यायची काय गरज?

सही-शिक्क्याचा करार दर वेळी कोण करणार? पण फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत एक मेसेज टाकायचा. मी पाठवतो तो असा असतो:

‘नमस्कार दादा. आत्ता बोलल्याप्रमाणे: शनिवार, पार्ल्याचं दीनानाथ, कार्यक्रम रात्री साडेआठ, साउंड चेक सहा. तबला आणि ढोलकी मी आणतो, ऑक्टोपॅड तुमच्याकडून. एक तालीम गुरुवारी. मानधन इतके, अर्धे आधी, उरलेले त्याच रात्री. टॅक्सी वेगळी. बरोबर ना?’

शेवटचा ‘बरोबर ना?’ महत्त्वाचा. त्यावर नुसता अंगठा आला तरी पुरतं. अंगठाही आला नाही तर समजा की अजून काही ठरलेलं नाही.

६. पैसे बुडवले तर काय करायचं?

आधी, बुडण्याची शक्यता कमी करायची: अर्धे आगाऊ घ्यायचे. ‘आपल्यात कशाला आगाऊ?’ हे वाक्य ऐकलं की मी आणखी आग्रहानं मागतो.

एकदा उपनगरातल्या एका मंडळाच्या गणपतीत वाजवलं. आठ वादक, दोन गायक, वन्स मोअरवर वन्स मोअर. संपल्यावर शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांबरोबर फोटो. खजिनदार गावी गेलेले. ते दिवाळीपर्यंत गावीच होते. पैसे आले ते तुळशीच्या लग्नाला, ठरल्यापेक्षा कमी, आणि त्या दोन महिन्यांत मी केलेल्या फोनांचा हिशोब मांडला तर नाईट फुकटच गेली. ते नारळ मात्र चांगले निघाले.

तेव्हापासूनचा नियम: तुमच्याशी ज्यानं ठरवलं तोच देणेकरी. कोऑर्डिनेटरनं बोलावलं असेल तर पैसे तोच देणार, ‘मंडळानं अजून दिले नाहीत’ ही त्याची अडचण. हे पहिल्या फोनलाच गोड आवाजात सांगून ठेवायचं. रक्कम मोठी असेल तर वकिलाच्या नोटिशीचा उपयोग होतो आणि तेव्हा प्रश्न ५ मधला मेसेजच तुमचा कागद. सिनेमाच्या रेकॉर्डिंगचे पैसे अडकले आणि तुम्ही सिने म्युझिशियन्स असोसिएशनचे सभासद असाल तर तक्रार तिथे न्या. मंडळाच्या कार्यक्रमाला अशी संघटना पाठीशी नसते. तिथे तुमचे बाकीचे सात वादकच तुमची संघटना, सगळ्यांनी मिळून मागायचं.

७. वर्षभर काम असतं का?

नाही. आपलं वर्ष पंचांगावर चालतं. गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट ही सुगी. मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि कंपन्यांचे कार्यक्रम, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, पाडवा, १ मे. आषाढीच्या आधी अभंगवाणी. लालबाग-परळपासून भांडुप-विरारपर्यंत कोकणी माणसांच्या पूजा आणि डबलबारी भजनं. तिथे पखवाज वाजवणाऱ्याला बरं काम असतं. आगरी-कोळी हळदीला बेंजोवाले. पितृपक्षात मात्र फोन मेल्यासारखा पडून असतो.

अधिक महिन्याकडे लक्ष ठेवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरला बसले. २०२५ मध्ये ते २७ ऑगस्टलाच आले. तीन आठवड्यांचा फरक. ऑगस्टचा हप्ता सप्टेंबरच्या कमाईवर भरणाऱ्याला तो चांगलाच कळतो. पंचांग आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून वर्ष आखा.

८. वाद्य लोकलनं नेता येतं का?

येतं. मुंबईतली निम्मी साथसंगत लगेजच्या डब्यातून आलेली आहे. मासे, भाजी, डबेवाल्यांचे क्रेट आणि त्यांच्यामध्ये आपला डग्गा. लोक जागा देतात, आत काय आहे विचारतात, कधी मुलाच्या मुंजीची तारीखही विचारतात.

काही गोष्टी अनुभवानं सांगतो. तबला आणि डग्गा एकाच मोठ्या बॅगेत घालू नका. दोन खांद्यांवर दोन बॅगा असल्या की दादरच्या जिन्यावर तोल राहतो. बॅग माळ्यावर ठेवायची तर तबला उभा, पुडी वर. ढोलकी आडवी चालते. कीबोर्डची बॅग दारात उभी धरू नका, पुढच्या स्टेशनला उतरणारे तिच्यासकट उतरतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ भरलेल्या दिशेनं जायचं असेल तर लोकलचा विचारच सोडा आणि टॅक्सीचे पैसे आयोजकाकडून घ्या. गंमत अशी की आपले कार्यक्रम त्याच वेळी सुरू होतात. भांडुपहून पार्ल्याला साउंड चेक सहाचा असेल तर मी साडेतीनला निघतो, स्टेशनबाहेर चहा पितो आणि पाचला हॉलवर जाऊन बसतो.

रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा. वेळापत्रक आदल्या दिवशी येतं, आणि दुपारच्या चारच्या कार्यक्रमाला ब्लॉकमध्ये अडकलेला वादक हे कारण कोणीही एकदाच ऐकून घेतं.

९. रात्री परत कसं यायचं?

कार्यक्रम दहाला संपला तरी वाद्यं भरून, पाकीट घेऊन, जेवून साडेअकरा होतात. शेवटची कर्जत सीएसएमटीहून साडेबाराच्या आतच सुटते. पश्चिमेला बोरिवलीची शेवटची गाडी एकच्या सुमारास. त्यानंतर पहाटे चारपर्यंत स्टेशनवर डास. लांब राहत असाल तर परतीच्या टॅक्सीचं प्रश्न ५ मधल्या मेसेजातच घाला.

१०. पावसाळ्यात तबला उतरतो आणि एसीत चढतो. करायचं काय?

कातडं आहे, ते हवा पितं. जुलैत दमट हवेनं सैल पडतं आणि सूर खाली जातो. नाट्यगृहाच्या एसीत कोरडं पडून ताणलं जातं आणि सूर वर. मंचावरचे दिवे पेटले की आणखी वर. म्हणून ग्रीनरूममध्ये लावलेला तबला पडदा उघडल्यावर तसाच राहत नाही.

मी असं करतो. पोचल्यावर पाऊण तास तबला मंचावरच झाकण काढून, पण खाली फडकं अंथरून ठेवतो. हातोडी लावत नाही. त्याला तिथली हवा लागू द्यायची. मग गट्टे (चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) सारखे करून घ्यायचे आणि शेवटचा बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी). एक घर (गजऱ्यावरची एक जागा) लावलं की समोरचं घर बघायचं, शेजारचं नाही. दिवे पूर्ण लागल्यावर पुन्हा एकदा. पहिलं गाणं संपून निवेदक बोलत असतो, तेव्हा दोन बोटांनी चाट (पुडीची कड) ऐकून घ्यायची. निवेदक लांबवणारा असला तर त्याचे आभार माना.

पावसाळ्यात बॅगेत जादा पुडी बसवलेला दुसरा तबला हवाच. ढोलकी नट-बोल्टची असली तर पान्यानं दोन मिनिटांत येते. वादीची (चामडी पट्ट्यांनी ताणलेली) ढोलकी आवाजाला गोड असते, पण ऑगस्टमध्ये उघड्या मांडवात तिचा हट्ट धरू नका. डफ पूर्वी शेकोटीवर शेकत. मंचामागे जाळ करू देत नाहीत, आता हॅलोजनपुढे धरायचा.

११. गायकानं ऐनवेळी पट्टी (गाण्याचा ‘सा’) बदलली तर?

बदलतोच. घसा बसतो, थंडी असते किंवा आदल्या रात्री त्याचाही कार्यक्रम असतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो (पुढच्या गाण्याला ते शून्यावर आणायला विसरतो, ती वेगळी कथा). तबलेवाल्याला तसं बटण नाही. अर्ध्या सुराचा फरक त्याच तबल्यावर ओढता येतो, त्याहून जास्त ओढलात तर पुडी जाते.

एक हिशोब पाठ ठेवा (काळी एक, पांढरी एक ही हार्मोनियमच्या पट्ट्यांची नावं). काळी एकचा तबला काळी एकला षड्ज, काळी तीनला पंचम आणि काळी चारला मध्यम होतो. म्हणजे गायक काळी एकचा आणि गायिका काळी चारची असली तरी एका तबल्यात बरंच निभतं, गाण्यात मध्यम ठळक आहे की नाही तेवढं बघा. शिवाय पांढरी एक आणि काळी दोनचा एकेक तबला बरोबर ठेवला की बहुतेक कार्यक्रम पार पडतात. तीन तबले आणि एक डग्गा हे ओझं किती होतं, ते प्रश्न ८ वाचलेल्यांना कळेल.

१२. साउंड चेक मिळालाच नाही तर?

मिळत नाही, असंच धरून चला. सहाची वेळ असते, स्पीकर सातला येतात, साडेसातला पाहुणे येऊन दीपप्रज्वलन सुरू होतं. दोन मिनिटं मिळाली तर स्वतःचा आवाज मोठा करून मागू नका. मॉनिटरमध्ये (मंचावर आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर) गायकाचा आवाज आणि हार्मोनियम मागा. ते दोन ऐकू आले की बाकी निभतं. घुंई आवाज येत असेल तर कीबोर्डचा अडॅप्टर आणि अर्थिंग आधी तपासा, माइकला दोष नंतर द्या.

१३. दहा वाजता पोलीस आले आणि बंद करायला सांगितलं. आमच्यावर काही येतं का?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं, ते दिवस आधी जाहीर होतात. नाट्यगृह, सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहत असेल तर, रात्रीची ही बंदी लागू होत नाही. म्हणून ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात साडेआठचा कार्यक्रम साडेअकरापर्यंत चालतो आणि शेजारच्या मैदानातला दहाला थांबतो. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसाही लाउडस्पीकर नाही.

परवानगी काढणं आयोजकाचं काम. तुमच्या हातात एवढंच की सांगितल्याबरोबर थांबायचं. ‘शेवटचं एक’ म्हणून गायकानं पुढचं गाणं सुरू केलं तरी मी ठेका धरत नाही. ठेका नसला की गाणं आपोआप आटपतं.

यातला एक बारकावा: दिवाळी पहाट. मैदानात पहाटे साडेपाचला स्पीकर लावून सुरू होणारे कार्यक्रम मी कितीतरी वाजवले, पण नियम सकाळी सहाचाच आहे. कोणी तक्रार केली तर आयोजकाकडे उत्तर नसतं.

१४. दुसऱ्यांची गाणी वाजवतो. रॉयल्टी आम्ही भरायची का?

गीतकार आणि संगीतकारांच्या वतीनं परवाना देणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासूनची. जाहीर कार्यक्रमाचा परवाना कार्यक्रम करणारा काढतो, साथीला बसलेला नाही. पण कार्यक्रमाचे निर्माते तुम्हीच असाल, म्हणजे हॉल तुमच्या नावावर आणि तिकीटविक्री तुमची, तर ते काम तुमच्याकडे येतं. तयार ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर त्याचा हक्क वेगळा, तो बहुधा म्युझिक कंपनीकडे असतो.

कॉपीराइट कायद्यात (१९५७) काही सवलती आहेत. खरोखरीचा धार्मिक विधी आणि सरकारी किंवा पालिकेचा अधिकृत समारंभ यांना परवाना लागत नाही. कायद्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभही धरले आहेत. हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या कार्यक्रमालाही सूट आहे. मंडळाच्या मंचावरचा प्रायोजकांच्या फलकांनी भरलेला ऑर्केस्ट्रा मात्र धार्मिक विधी म्हणून खपवता येईल असं मला वाटत नाही. आरती वेगळी.

१५. माझ्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग मला न विचारता टाकलं. चालतं का?

चालत नाही. वादकालाही कायद्यानं सादरकर्त्याचा हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीनं तो आला, ५० वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्ता म्हणून नाव मिळण्याचा हक्कही जोडला. तुमच्या संमतीशिवाय प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करता येत नाही. व्यवहारात मी प्रेक्षकांच्या मोबाइलकडे दुर्लक्ष करतो, पण आयोजकाचे तीन कॅमेरे दिसले की विचारतो: हे कुठे जाणार, वादकांची नावं येणार का, त्याचे पैसे किती? कॅमेरे लागण्याआधी विचारलं तर उत्तर मिळतं.

१६. टीडीएस कापला म्हणाले. ते पैसे गेले का?

नाही. टीडीएस म्हणजे मानधनातून आधीच कापलेला आयकर, तो तुमच्या पॅनवर जमा असतो. व्यावसायिक मानधनावर साधारण १० टक्के कापतात. एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांपर्यंत कापायची गरज नाही (१ एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३० हजार होती). पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) उघडून बघा: कापला म्हणणाऱ्यानं खरंच भरला आहे का ते दिसतं. विवरणपत्र भरलं की जादा कापलेलं परत येतं. माझ्या ओळखीचे दोन उत्तम वादक कित्येक वर्षं ते पैसे सरकारला दान करत होते.

जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर. शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाला, एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर सूट आहे. त्यापुढचं सीएला विचारा. त्याची फी तुमच्या एका नाईटपेक्षा कमी असते.

१७. मी मुलगी आहे, कीबोर्ड वाजवते. घरचे रात्रीच्या कार्यक्रमांना नाही म्हणतात. काय सांगू?

हे उत्तर माझं नाही. आमच्यासोबत पंधरा वर्षं वाजवणाऱ्या ताईंना विचारून लिहितो. त्या म्हणतात: ‘पहिली दोन वर्षं ज्या ग्रुपमध्ये आणखी एक तरी बाई आहे तिथेच जायचं, निवेदिका असली तरी चालेल. कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, हे फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही. उघड्या मैदानात बायकांसाठी शौचालय कुठे आहे, हेही. घरी सोडायची गाडी ठरलेली हवी आणि ती कोण चालवणार ते माहीत हवं. आईला एकदा तालमीला घेऊन जा. तिनं आम्हाला बटाटेवडे खात भांडताना बघितलं की तिची भीती जाते.’

१८. बदली म्हणून ज्याला पाठवलं त्यालाच पुढची कामं मिळू लागली. मी काय करू?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो, आणि विचारणारा नेहमी रागावलेला असतो.

धंद्यातला अलिखित नियम असा: बदलीला गेलेल्यानं त्या ग्रुपचं पुढचं काम थेट घ्यायचं नाही. त्याला फोन आला तरी त्यानं आधी मूळ वादकाला कळवायचं. ‘दादा, मला विचारतायत, तुम्ही मोकळे आहात का?’ एवढा एक फोन. तो फोन न करणाऱ्याला कोणी पुन्हा बदलीला पाठवत नाही, आणि ही बातमी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या चहावाल्यापासून ठाण्यापर्यंत दोन दिवसांत पोचते.

पण स्वतःलाही विचारा, वर्षात किती वेळा बदली पाठवली? जास्त पैशाच्या सुपारीसाठी तुम्ही चार वेळा त्या ग्रुपला सोडलं असेल तर ग्रुपनं तुम्हाला एकदा सोडणं साहजिक आहे. घरात आजारपण किंवा मयत झालं तर कोणी बोट ठेवत नाही. दिवाळीत दोन सुपाऱ्या घेऊन एकीला टांग मारणारा मात्र लोकांच्या लक्षात राहतो. दोन घ्यायच्याच तर डोंबिवलीची पहाट आणि पार्ल्याची रात्र जमते. दोन्ही संध्याकाळच्या जमत नाहीत, कितीही दुचाकी असली तरी.

आता कबूल करून टाकतो. मला पहिला कायमचा ग्रुप असाच मिळाला. ज्या काकांनी मला बदलीला पाठवलं, त्यांचा हात दुखावला होता, आणि ते बरे होईपर्यंत ग्रुपनं मलाच धरलं. मी त्यांच्या घरी गेलो, पेढे न नेता. त्यांनी चहा दिला, कपाटातून त्या ग्रुपच्या गाण्यांची वही काढली आणि म्हणाले, ‘अभंगात तिसऱ्या कडव्याला तू घाई करतोस.’ ती वही अजून माझ्याकडे आहे. फुकट वाजवू का, असंही पुष्कळ जण विचारतात. मी आजवर ठरवून फुकट वाजवलं ते एकदाच, त्यांच्या नातवाच्या मुंजीत. काका पहिल्या रांगेत बसून हातावर टाळी धरून होते, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं.